आलेख : कागदावरचा आणि संगणकावरचा

हल्ली नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्या चाळू लागले म्हणजे एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. पूर्वी ज्या पानावर बारीक घरांचा आलेख-कागद डकवलेला असे आणि त्यावर पेन्सिलीने ओढलेल्या अक्षांबरोबर खोडरबराच्या खुणाही दिसत, त्या पानावर आता संगणकाने छापून दिलेले रंगीत, गुळगुळीत चित्र असते. अक्ष सरळ, अक्षरे ठसठशीत, रेषा कोठे तुटलेली नाही. पालकांना हे पाहून समाधान वाटते आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या वहीच्या धन्याला जवळ बोलावून "या आडव्या अक्षावर तू काय मोजले आहेस?" एवढा साधा प्रश्न केला, तर पुष्कळदा उत्तर मिळते, "टीचर, ते कंप्युटरानंच घातलंय."

या उत्तराविषयी आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वर्गात भूगोल आणि मराठी शिकवतो. गणिताच्या प्रांतात पाऊल टाकण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला, असे गणिताचे आमचे सहकारी विचारू शकतील. तथापि आलेख ही एकट्या गणिताची मिरास नव्हे. महिन्यांचा पाऊस, उंचीप्रमाणे उतरणारे तापमान, लोकसंख्येची वाढ, हे सारे भूगोलाच्या पुस्तकात आलेखाच्याच रूपाने येते, आणि चुकीचा आलेख वाचणाऱ्याचा भूगोलही चुकतो. दुसरे असे की, आमचा वाद यंत्राशी नाही. संगणक आला आणि मुले बिघडली, पाटीपेन्सिलीचे दिवस बरे होते, असा सूर लावणाऱ्यांत आम्ही नाही. आमचे म्हणणे इतकेच की, निर्देशकांचा आलेख संगणकावर काढण्यास मुलाला बसवण्यापूर्वी तो आलेख म्हणजे काय हे त्याच्या हाताला कळलेले असले पाहिजे; आणि संगणकावर काढून झाल्यावरही त्यातले दोन-चार बिंदू तरी त्याने स्वतः ताडून पाहिले पाहिजेत. ही शिस्त आज सुटत चालली आहे.

सपाटीवरील कोणत्याही बिंदूचे स्थान दोन संख्यांनी सांगता येते, ही कल्पना नववीच्या मुलाला आज अगदी साधी वाटते. रेने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचा भूमितीवरील ग्रंथ १६३७ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच सुमारास पिएर द फेर्मा यानेही स्वतंत्रपणे तोच मार्ग चोखाळला, तेव्हापासून बीजगणित आणि भूमिती ही दोन शास्त्रे एका घरात नांदू लागली. समीकरणाला आकार मिळाला आणि आकाराला समीकरण. आज शाळेत शिकवल्या जाणाऱ्या आलेखाचा सारा पाया एकच आहे. अक्षावरील प्रत्येक ठिकाण ही एक संख्या असते, आणि संख्यांमध्ये जेवढे अंतर, त्याच प्रमाणात त्यांच्या ठिकाणांमध्येही अंतर असते. २ आणि ५ यांच्यामध्ये जेवढी जागा सोडली, तिच्या दुप्पट जागा ५ आणि ११ यांच्यामध्ये सोडलीच पाहिजे.

स्प्रेडशीटचा जन्म मात्र निराळ्या घराण्यात झाला. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 'व्हिजिकॅल्क' नावाची आज्ञावली ॲपल कंपनीच्या संगणकासाठी तयार केली. हिशेबाच्या मोठ्या तक्त्यात एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असणारे सगळे आकडे खोडून पुन्हा लिहावे लागत. तो व्याप वाचवणे हा तिचा मोठा उपयोग. पुढे १९८३ साली 'लोटस १-२-३' आले, १९८५ साली मायक्रोसॉफ्टचे 'एक्सेल' प्रथम मॅकिंटॉश संगणकावर आले. आज आमच्या मुलांच्या हाती एक्सेल, गूगल शीट्स किंवा विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस कॅल्क असते. पण घराणे हिशेबनिसाचे. हिशेबनिसाच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात बहुधा नावे असतात. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. किंवा मडगाव, म्हापसा, फोंडा. नावांमध्ये मोजण्याजोगे अंतर नसते. ती सारख्या जागा सोडून एकापुढे एक मांडली की काम झाले. देकार्तच्या अक्षावर संख्या राहतात, हिशेबनिसाच्या अक्षावर नावे राहतात, आणि आमच्या विद्यार्थ्याची फसगत होते ती नेमकी या दोहोंच्या सीमेवर.

ती कशी होते ते पाहण्यासारखे आहे. एक्सेलमध्ये दोन रकाने निवडून आलेखाच्या प्रकारांची यादी उघडली की तीत 'लाइन' नावाचा एक प्रकार दिसतो आणि 'स्कॅटर' नावाचा दुसरा. आता घरी कोंकणी बोलणारे आणि शाळेत मराठीतून गणित शिकलेले मूल डोळ्यांपुढे आणा. 'रेषीय समीकरणाचा आलेख ही सरळ रेषा असते' हे वाक्य त्याला तोंडपाठ आहे. 'लाइन' म्हणजे रेषा, एवढे इंग्रजीही त्याला येते. मग ते 'लाइन'वर बोट ठेवणार नाही तर काय करणार? 'स्कॅटर' म्हणजे विखुरणे, अंगणात कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे काहीतरी. आपली नीटनेटकी रेषा उधळून घेण्याची त्याला काय गरज? वास्तविक निर्देशकांचा खरा आलेख तो 'स्कॅटर'च. बिंदू रेषेने जोडण्याची सोयही त्याच्याच पोटात आहे. उलट 'लाइन' हा प्रकार आडव्या अक्षावरच्या संख्यांना संख्या म्हणून मान देत नाही (तारखांची गोष्ट निराळी); त्याच्या लेखी त्या नुसत्या पाट्या. कित्येकदा तर तो पहिल्या रकान्याचीही एक वेगळी रेषा काढून मोकळा होतो. यादी पूर्ण उघडली तर 'स्कॅटर'च्या शेजारी 'एक्स-वाय' ही अक्षरेही वाचावयास मिळतात, पण तिथवर पाहण्याइतका धीर चौदा वर्षांच्या मुलाला कोठून असणार! तीन भाषांच्या मध्ये उभ्या असलेल्या मुलाला हे दोन शब्द समजावून देणे हे शिक्षकाचे काम आहे. ते संगणकाच्या तासाला होत नाही आणि गणिताच्या तासालाही होत नाही.

या चुकीने किती बिघडते, असे कोणी विचारील. एक उदाहरण घेऊ. समजा, विज्ञानाच्या तासाला भांड्यातले गरम पाणी निवू दिले आणि मधूनमधून त्याचे तापमान टिपले. आरंभी ८० अंश सेल्सिअस, २ मिनिटांनी ७५, ५ मिनिटांनी ६९, १० मिनिटांनी ६०, २० मिनिटांनी ४८ आणि ४० मिनिटांनी ३७. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, परंतु खोलीचे तापमान ३० अंशांच्या आसपास असता प्रयोगात असेच काही मिळेल. मुलाने प्रथम घाईघाईने आणि पुढे सवडीने नोंदी घेतल्या, यात त्याचे काही चुकले नाही. पाणी आरंभी लवकर निवते, तेव्हा आरंभीच वारंवार पाहिलेले बरे. आता हा तक्ता 'लाइन'च्या स्वाधीन केला की ०, २, ५, १०, २०, ४० ही सहा ठिकाणे सारख्या अंतरावर मांडली जातात. एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणापर्यंतची उतरण पाहू लागलो तर ती आधी ५ अंशांची, मग ६, मग ९, मग १२ आणि शेवटी ११ अंशांची. चित्र काय सांगते? पाणी प्रथम हळूहळू निवले आणि पुढे पुढे भराभर निवू लागले! प्रत्यक्षात पहिल्या २ मिनिटांत दर मिनिटास अडीच अंशांनी उतरलेले तापमान शेवटच्या २० मिनिटांत दर मिनिटास अर्ध्या अंशाहून किंचितच अधिक उतरते आहे. वस्तू आणि भोवताल यांच्या तापमानांतील फरक जसजसा घटतो, तसतसा निवण्याचा वेगही मंदावतो, हा न्यूटनच्या नावाने ओळखला जाणारा नियम चित्राने साफ उलटा करून दाखवला. नोंदी बरोबर, छपाई सुबक, आणि निष्कर्ष पार विपरीत. कपातला चहा रोज पिणाऱ्या माणसालाही हे चित्र खोटे आहे हे कळावयास हवे. पण छापील चित्रापुढे रोजचा अनुभवही मान खाली घालतो, असे आम्ही वर्गात पाहिले आहे.

हाच तक्ता आलेख-कागदावर मांडताना ही चूक होणे कठीण. २० ची खूण कोठे करावयाची आणि ४० ची कोठे, हे ठरवण्यासाठी घरे मोजावीच लागतात. हाताने आलेख काढल्याने चिकाटी येते, वळण सुधारते, असे आमचे जुने शिक्षक सांगत. तसे होत असेलही, परंतु आमचा भर त्यावर नाही. प्रमाण ठरवण्याचा निर्णय मुलाला स्वतः घ्यावा लागतो, यावर आहे. यंत्र तोच निर्णय न बोलता घेऊन टाकते.

याहून मौजेचा एक प्रकार वर्गपरवलयाचा. य = −क्ष² या समीकरणात क्ष ३ असता य उणे ९ येतो, आणि परवलयाचे तोंड खाली होते. विद्यार्थी एक्सेलच्या सेलमध्ये बरोबरीचे चिन्ह, मग उणे चिन्ह, मग क्ष ज्या सेलमध्ये आहे तिचे नाव, मग घाताचे टोपीसारखे चिन्ह आणि शेवटी २ असे पुस्तकाबरहुकूम लिहितो. उत्तर येते अधिक ९! कारण एक्सेलच्या रिवाजात संख्येच्या अगदी मागे लागलेले उणे चिन्ह आधी विचारात घेतले जाते आणि घात नंतर. गणिताच्या पुस्तकात घात आधी आणि उणे नंतर. गूगल शीट्स आणि लिबरऑफिस यांतही तोच रिवाज आहे. परवलय डोक्यावर उभे राहते. उपाय सोपा आहे, घाताचा भाग कंसात घालावा की झाले. पण तो सुचणार कोणाला? ज्याने हे परवलय एकदा तरी पेन्सिलीने काढले आहे आणि ज्याला ते वर तोंड करून बसलेले पाहताक्षणी खटकते, त्यालाच.

तसेच य = १/क्ष. क्ष ला −२, −१, −½, ½, १, २ अशा किमती दिल्या आणि 'स्कॅटर'मध्ये बिंदू रेषांनी जोडण्याचा पर्याय निवडला, तर यंत्र (−½, −२) हा बिंदू (½, २) या बिंदूशी सरळ रेषेने जोडून देते. ही रेषा नेमकी आरंभबिंदूतून जाते! म्हणजे १ ला शून्याने भागले असता शून्य येते, असे चित्र म्हणते. शून्याने भागता येत नाही हे सातवीपासून घोकून घेतलेले सारे ज्ञान त्या एका निळ्या रेघेने पुसले जाते. दोन बिंदू जोडणे म्हणजे मधल्या जागेविषयी काहीतरी विधान करणे होय. ते करण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही हे आधी पाहावे लागते. वर्तुळाचीही अशीच गत. केंद्र आरंभबिंदूवर आणि त्रिज्या ५ घेतली तर (५, ०), (४, ३), (३, ४), (०, ५) आणि इतर तीन चरणांतले त्यांचे सोबती असे पूर्णांकी निर्देशकांचे १२ बिंदू मिळतात. ते स्प्रेडशीटमध्ये मांडा, वर्तुळाऐवजी आडवे लंबवर्तुळ दिसेल, कारण चित्राची चौकट रुंद आणि ठेंगणी असते. चौकट ओढून दोन्ही अक्षांवरील एकक सारखे करून घ्यावे लागते. उभा अक्ष शून्यापासून सुरू न करता मधूनच सुरू करण्याची यंत्राची खोड तर सर्वश्रुत आहे. शाळेचा निकाल ९६ टक्क्यांवरून ९८ वर गेला तरी खांब दुपटीने वाढलेला दिसावा, हे कोणाला आवडणार नाही?

यंत्राची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. य = मक्ष + क या रेषेतील म आणि क यांच्या किमती दोन वेगळ्या सेलमध्ये ठेवून मुलाला त्या बदलू द्या; म वाढला की रेषा उभी होत जाते, उणे झाला की दुसरीकडे कलते, क बदलला की रेषा आहे तशी वर-खाली सरकते. कागदावर यासाठी दहा आलेख काढावे लागतील आणि दहाव्याच्या आत उत्साह संपेल. फ्रान्सिस ॲन्सकोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली आकड्यांच्या जोड्यांचे चार संच प्रसिद्ध केले, प्रत्येकात ११ जोड्या. चारही संचांत क्षची सरासरी ९, यची सुमारे साडेसात, आणि त्यांतून जाणारी सर्वांत जवळची रेषाही जवळजवळ एकच. नुसते हिशेब पाहणाऱ्याला चारही संच जुळे भाऊ वाटतात. आलेख काढला की पहिल्याचे बिंदू एका रेषेच्या आसपास विखुरलेले, दुसऱ्याचे वक्रावर, तिसऱ्याचे एक बिंदू सोडून सरळ रेषेवर, आणि चौथ्याचे एक बिंदू वगळता सारे एका उभ्या ओळीत! हे चार आलेख आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने संगणकावर स्वतः काढून पाहावेत, अशी आमची फार इच्छा आहे. तेव्हा आलेख आणि यंत्र यांची सांगड मुळात शुभच आहे.

परंतु चित्रात काय मांडले याइतकेच काय मांडले नाही हेही पाहावे लागते. स्प्रेडशीटमध्ये आलेख काढण्यापूर्वी माऊसने काही ओळी निवडाव्या लागतात. निवडलेल्या ओळी चित्रात येतात, उरलेल्यांविषयी चित्र मौन पाळते. पर्जन्यमापकाच्या नोंदींचा आलेख काढताना पाऊस न पडलेले दिवस 'त्यात काय आहे, शून्यच तर आहे' म्हणून वगळणारे विद्यार्थी आम्हांला दरवर्षी भेटतात. या मौनाची किंमत केवढी असू शकते याचा एक दाखला वाचकांपुढे ठेवतो. तो स्प्रेडशीटचा नसला तरी निर्देशकांच्या आलेखाचाच आहे.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि आतील सातही जण मृत्युमुखी पडले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही एक शाळाशिक्षिका होती. अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडी थंडीत ताठर होऊन सांध्याला चिकटून बसेनाशी झाली, हे त्या अनर्थाचे कारण ठरले. कडाक्याच्या थंडीत उड्डाण करू नये असे काही अभियंत्यांनी आदल्या रात्री आग्रहाने सांगितले होते. परंतु पूर्वीच्या ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती, तेवढ्याच उड्डाणांकडे पाहिले तर थंडीशी तिचा संबंध उघड होत नव्हता. इजा थंड दिवशीही झाली होती आणि उष्ण दिवशीही. पुढे चौकशी आयोगाने आपल्या अहवालात इजा न झालेली उड्डाणेही त्याच आलेखावर मांडली. तेव्हा दिसून आले की, सांध्याचे तापमान ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असलेल्या २० उड्डाणांपैकी केवळ ३ उड्डाणांत इजा झाली होती, आणि ६३ अंश किंवा त्याहून कमी असलेल्या चारही उड्डाणांत झाली होती. त्या सकाळी हवा गोठणबिंदूच्या जवळ होती. ज्यांचा य-निर्देशक शून्य, जे क्ष-अक्षावर मुकाट्याने पडून असतात, ज्यांना आमचे विद्यार्थी निरुपयोगी समजून वगळतात, त्याच बिंदूंनी सारे काही सांगितले असते.

आता या सर्वांवर काही सहकारी म्हणतील, अभ्यासक्रम पुरा करावयास वेळ नाही, तेथे प्रत्येक आलेख दोनदा कोण काढवून घेणार? आमचे उत्तर असे की, प्रत्येक आलेख दोनदा काढण्याची गरज नाही. वर्षातून चार आलेख हाताने, पूर्ण, प्रमाण स्वतः ठरवून काढलेले असावेत. एक रेषेचा, एक परवलयाचा, एक प्रयोगातल्या नोंदींचा आणि एक पावसाचा. त्यानंतर संगणकावर हवे तितके काढावेत. मात्र वहीत छापील चित्र लावताना शेजारी मूळ तक्ता असावा, त्यातील कोणतेही दोन बिंदू पेन्सिलीने चित्रावर ताडून पाहिल्याची खूण असावी, आणि खाली स्वतःच्या शब्दांत दोन ओळी असाव्यात. आडव्या अक्षावर काय, कोणत्या एककात मोजले आहे, आणि बिंदू जोडले असल्यास का जोडले? उत्तर कोंकणीत लिहिले तरी आम्ही हरकत घेणार नाही.

पालकांनाही विनंती आहे. मुलाने घरी संगणकावर काढलेला आलेख दाखवला तर रंगांचे कौतुक जरूर करावे, आणि मग एका बिंदूवर बोट ठेवून "हा येथेच का?" असे विचारावे. त्यासाठी पालकांना गणित येण्याची आवश्यकता नाही. उत्तर मुलाने द्यावयाचे आहे. शाळेपुरते बोलावयाचे तर, प्रकल्पवह्यांच्या गुणांत 'मांडणी व सुबकता' हे एक सदर असते. छपाईयंत्राच्या सुबकतेला गुण देऊन आपण नेमके कोणाला शाबासकी देतो, हे आम्हांला कळत नाही. त्या सदरातील निम्मे गुण वर सांगितलेल्या दोन ओळींसाठी राखून ठेवावेत, अशी सूचना आम्ही शिक्षकसभेपुढे मांडणार आहोत. वह्या तपासावयास अधिक वेळ लागेल, ही तक्रार तेथे होईलच. ती खरीही आहे.